सहा लाख चार हजार आठशे सेकंद

२०१७ सालचा २९ ऑगस्ट. गणपती बसून चार दिवस झाले होते आणि परळ-लालबागला पावसाने झोडपून काढलं होतं. आमच्या संस्थेचा लालबागचा गाळा तळमजल्यावर. दुपारी वॉचमनचा फोन आला, "ताई, पाणी आत शिरलंय. मेन स्विच बंद केलाय." त्या गाळ्यात टेबलाखाली एक जुना संगणक होता. आमच्या डोमेनचा मुख्य नेमसर्व्हर तोच.

नेमसर्व्हरचं काम पत्ता सांगण्याचं. कोणी नाव विचारलं की आकडा द्यायचा. पाकिटावरचा पत्ता पोस्टात शेवटच्या ओळीपासून बघतात, आधी मुंबई ४, मग वाडी, मग चाळ, मग खोली. डोमेनचं नावही तसंच उजवीकडून उलगडतं: आधी मूळ सर्व्हर, मग डॉट इन, मग आम्ही. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ही रचना मांडली. त्याआधी साऱ्या जाळ्याचे पत्ते एकाच फाइलीत असत आणि सगळे ती उतरवून घेत. आपल्या घराची नोंद आपणच ठेवायची, ही वाटणी मला फार आवडते. म्हणूनच नेमसर्व्हर चालवणारा बाइंड हा प्रोग्रॅम मी हौसेने स्वतः बसवला होता.

दुसरा नेमसर्व्हर गिरगावात, संस्थेच्या जुन्या जागेत, दुसऱ्या मजल्यावर. तो मुख्याकडून नोंदींची नक्कल घेतो आणि तीच उत्तरं देतो. त्यामुळे लालबागचं मशीन बुडालं तरी ईमेल येत होते, वेबसाइट उघडत होती. त्या दोन्ही गोष्टी बाहेरच्या मशीनवर होत्या, फक्त त्यांचे पत्ते आमच्याकडे. मी निर्धास्त झाले. लालबागेत दर्शनाच्या रांगा, टेम्पो आत जाणं अशक्य. विसर्जनानंतर बघू म्हटलं.

शनिवारी गिरगावच्या मशीनला झोनची, म्हणजे आमच्या डोमेनच्या नोंदींची, स्थिती विचारली आणि उत्तरातल्या एका ओळीवर थांबले. मुदत संपणार होती मंगळवारी, ५ सप्टेंबरला, आपल्या वेळेनुसार दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी. अनंत चतुर्दशीला!

दुय्यम सर्व्हर मुख्याची कायम वाट बघत नाही. झोन फाइलीतल्या एसओए नोंदीत 'एक्स्पायर' हा आकडा असतो. तेवढे सेकंद मुख्याशी गाठ पडली नाही, तर हातातली नक्कल शिळी समजून तो उत्तर देणं थांबवतो. आमचा आकडा होता ६०४८००, बरोबर सात दिवस. तो मी विचार करून घातलेला नव्हता. नमुन्याच्या फाइलीतून जसाच्या तसा आला होता.

आता गिरगावलाच मुख्य करायचं. रविवारी सकाळी जिने चढले. शेजारच्या काकू चहा घेऊन आल्या, "अगं, गणपतीत कसलं ऑफिस?" मला सांगता येईना. नक्कल उघडली तर अक्षर लागेना. बाइंड ९.९ पासून, वेगळं सांगितलं नाही तर, दुय्यम सर्व्हर नक्कल मजकुरात ठेवत नाही, यंत्राला सोयीच्या रूपात ठेवतो. मूळ फाइल लालबागच्या पाण्यात, आणि तिची दुसरी प्रत मी कुठेच ठेवली नव्हती. नशीब, बाइंडबरोबरच एक साधन येतं, त्याने मजकूर परत मिळाला. नोंदी सगळ्या होत्या. कुठली नोंद कोणाच्या सांगण्यावरून घातली, याची माझी टीप मात्र एकही नव्हती. नकलेबरोबर टिपा जात नाहीत.

झोन फाइलीचा अनुक्रमांक वाढवून २०१७०९०३०१ केला. एका नावाच्या शेवटचं टिंब राहिलं होतं, ते तपासणीत सापडलं. टिंब नसलं की बाइंड त्या नावाला आपलं डोमेन पुन्हा जोडतो आणि पत्ता भलतीकडेच जातो.

मंगळवारी मी गिरगावातच होते. चौपाटीकडे निघालेल्या ताशांनी खिडक्या थरथरत होत्या. १२ वाजून ५१ मिनिटांनी फोनवरून आमचं नाव विचारलं. उत्तर आलं. दोनदा, तीनदा विचारून पाहिलं.

पुढे दुय्यम सर्व्हर पुण्यातल्या मैत्रिणीकडे ठेवला आणि एक्स्पायर २४१९२०० केला, म्हणजे चार आठवडे. १९९६ च्या आरएफसी १९१२ या नेमसर्व्हरविषयीच्या टिपणात दोन ते चार आठवडेच सुचवलेले आहेत. मी ते तेव्हा वाचलं. हरवलेल्या टिपा आठवून आठवून पुन्हा लिहिल्या. तीन नावं अशी उरली आहेत, की ती कोणासाठी घातली होती ते मला आठवत नाही. कोणीतरी अजून विचारत असेल म्हणून ती काढायला हात होत नाही.