गाडी चालवणारा

बऱ्याच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी डस्टिन हॉफमनवर लेख लिहिला होता. त्यात ‘रेन मॅन’वर चार पानं होती, आणि त्या चार पानांत टॉम क्रूझच्या वाट्याला एकच वाक्य आलं होतं : ‘गाडी चालवायला कुणीतरी हवंच होतं.’ वाक्य लोकांना आवडलं. दोघातिघांनी मुद्दाम फोन केले. मग मीही ते गप्पांमध्ये बरंच वापरलं, अगदी गुळगुळीत होईपर्यंत. आता ते परत घ्यायचं आहे.

तेव्हा आमच्या फिल्म सोसायटीच्या कट्ट्यावर क्रूझ आवडतो असं कबूल करायची सोयच नव्हती. देखणा, दात चमकवणारा, पळतो छान, एवढंच. 1986 सालचा ‘टॉप गन’ पाहून गॉगल मात्र आम्ही सगळ्यांनीच घेतले होते, ते सोडा. 1988 मध्ये त्याचा ‘कॉकटेल’ आला आणि वर्षातला सर्वांत वाईट चित्रपट म्हणून रॅझी घेऊन गेला. त्याच वर्षीच्या ‘रेन मॅन’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. बॅरी लेव्हिन्सनला दिग्दर्शनाचं, पटकथेला एक आणि हॉफमनला अभिनयाचं. क्रूझला नामांकनसुद्धा नाही. मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं.

मत बदललं ते गेल्या पावसाळ्यात, आणि त्याला चित्रपटापेक्षा आईचं दुखणं जास्त कारणीभूत आहे.

आईची स्मृती दोन वर्षांपासून विस्कटत चालली आहे. रात्री आम्ही भाऊ आळीपाळीने तिच्या खोलीत झोपतो. टीव्ही चालू असला की तिला घरात माणसं असल्यासारखं वाटतं, आणि आवाज झाला की ती दचकून उठते. म्हणून टीव्ही चालू आणि आवाज बंद, अशी आमची तडजोड. त्या रात्री एका वाहिनीवर ‘रेन मॅन’ लागला. संवाद पाठच होते, त्यामुळे आवाजाचं काही अडलं नाही.

पण आवाज गेला आणि माझा लाडका हॉफमन निम्मा उरला. रेमंड जगतो तो मुख्यतः त्याच्या आवाजावर, त्या सपाट, पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाक्यांवर. आवाज काढून घेतला की उरतो मान कलती ठेवून भलतीकडे पाहणारा, छोटी पावलं टाकणारा माणूस. मग नजर आपोआप दुसऱ्या चेहऱ्यावर जाते. इतक्या वेळा चित्रपट पाहून मी त्या चेहऱ्याकडे कधी धड पाहिलंच नव्हतं.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. चार्ली बॅबिट लॉस एंजेलिसमध्ये महागड्या गाड्यांचा धंदा करतो. सिनसिनाटीला वडील वारतात. चार्लीला मिळते 1949 ची ब्यूक गाडी आणि गुलाबाची झाडं. तीस लाख डॉलर जातात रेमंडकडे, म्हणजे ज्याचं अस्तित्वही माहीत नव्हतं अशा स्वमग्न थोरल्या भावाकडे. चार्ली त्याला संस्थेतून जवळजवळ पळवून आणतो. रेमंड विमानात बसायला तयार नाही, म्हणून अर्धी अमेरिका गाडीने.

मुक्या पडद्यावर कळलं ते असं की रेमंड शेवटपर्यंत जवळपास तसाच राहतो. बदलतो तो चार्ली. चित्रपटाचा सगळा प्रवास क्रूझच्या चेहऱ्यावर घडायचा आहे, आणि तोही समोरून काहीही न मिळता. नट नटाच्या नजरेवर खेळतो, आणि इथे समोरचा नजर द्यायलाच तयार नाही. भिंतीवर चेंडू मारत राहावं तसा क्रूझ दोन तास एकटा खेळतो, आणि आपल्याला वाटतं की झेल भिंत घेते आहे.

एक प्रसंग आहे. रेमंडला अंतर्वस्त्रं सिनसिनाटीच्या एका ठराविक दुकानातलीच हवीत. तो तेच ते बोलत राहतो. शेवटी चार्ली भर रस्त्यात गाडी थांबवतो, खाली उतरतो आणि आरडाओरडा करतो. हे सगळं सोंग आहे, आत कुठेतरी तू शहाणाच आहेस, अशा अर्थाचं. पूर्वी मला हा प्रसंग भडक वाटायचा. त्या रात्री मी अंथरुणातून उठून बसलो.

कारण त्याच संध्याकाळी आईने सातव्यांदा विचारलं होतं, “आप्पा आले का रे?” आणि मी म्हणालो होतो, “आप्पांना जाऊन अकरा वर्षं झाली, आई. किती वेळा सांगू?” तिने ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. त्यानंतर ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

क्रूझच्या त्या आरडाओरड्यात थोर असं काही नाही. त्यात क्षुद्रपणा आहे, थकवा आहे, आणि आपण हरलो आहोत हे कळल्याची लाज आहे. पंचविशीतल्या देखण्या हिरोने इतकं लहान दिसायला तयार होणं सोपं नसावं. चार्लीबद्दल आपल्याला प्रेम वाटावं म्हणून तो घाईही करत नाही.

मग मोटेलमधला तो न्हाणीघराचा प्रसंग येतो. लहानपणी गाणी म्हणून दाखवणारा आपला काल्पनिक सवंगडी ‘रेन मॅन’ म्हणजे हा भाऊच, हे चार्लीला नुकतंच कळलेलं असतं. तो टबात गरम पाणी सोडतो आणि रेमंड किंचाळू लागतो. बाळ चार्लीला भाजेल या भीतीने! ह्याच भीतीपोटी त्याला घराबाहेर काढलं गेलं. हॉफमन तिथे आकांत करतो, आणि सगळ्यांना आकांतच आठवतो. क्रूझ नळ बंद करतो, त्याला शांत करतो, आणि मग काही क्षण नुसता पाहतो. हिशेब जुळत जाताना माणसाचा चेहरा जसा रिकामा होतो, तसा.

एकदा डोळा उघडल्यावर मी जुने चित्रपट पुन्हा काढले. एक गंमत दिसली. क्रूझसमोर उभा राहणारा नट हमखास नावाजला जातो. ‘द कलर ऑफ मनी’त पॉल न्यूमनला ऑस्कर, ‘जेरी मग्वायर’मध्ये क्यूबा गुडिंग ज्युनिअरला ऑस्कर, ‘अ फ्यू गुड मेन’मध्ये जॅक निकल्सनला नामांकन, ‘कोलॅटरल’मध्ये जेमी फॉक्सला नामांकन. याला योगायोग म्हणायला मी आता तयार नाही. क्रूझलाही नामांकनं मिळाली, अभिनयासाठी तीन, आणि 2025 मध्ये एक मानद ऑस्कर. मानद म्हणजे आपल्याकडच्या शाल-श्रीफळासारखंच.

‘कोलॅटरल’मधला त्याचा करड्या केसांचा, करड्या सुटातला मारेकरी तरी लोकांच्या लक्षात आहे. पण ‘आइज वाइड शट’मधला पलंगावरचा प्रसंग कुणी फारसा काढत नाही. बायको एका नौदल अधिकाऱ्याची गोष्ट सांगते, त्याच्यासाठी मी सगळं सोडून गेले असते म्हणते. बोलते ती निकोल किडमन, आणि कौतुकही तिचंच झालं. क्रूझ पलंगावर बसून फक्त ऐकतो. फोन वाजतो तेव्हा त्याला उत्तर देण्यापासून सुटका मिळाल्यासारखी वाटते आणि त्या सुटकेची शरमही. एवढं सगळं, एका शब्दाशिवाय.

मी भक्त वगैरे झालेलो नाही. विमानाला लोंबकळणारा क्रूझ मी अजूनही पुढे ढकलत पाहतो, आणि हॉफमनवरच्या लेखातलं बाकी सगळं मला आजही मान्य आहे.

मध्यंतरी त्याच दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. निवडक लेखांचं पुस्तक काढताहेत, त्यात तो लेख घ्यायचा आहे. मी म्हटलं, जरूर घ्या, फक्त ते गाडी चालवण्याचं वाक्य तेवढं काढून टाका.

“अहो, काय बोलताय?” ते म्हणाले, “लेखात तेवढंच तर वाक्य चांगलं आहे!”