माझे सोवळे

मैत्रिणींनो, सोवळे म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे आजीचे नाहीतर पणजीचे ओले लुगडे येईल. आम्ही ख्रिस्ती, परळच्या चाळीत राहणारे. आमच्या घरात सोवळे कुठून येणार, असे तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते. पण गेल्या वर्षी कळले, की माझेही एक सोवळे आहे आणि ते चांगले कडक आहे.

मी बी. ए. झालेली. आठवड्यातून तीन दिवस दादरच्या एका शाळेत मराठी शिकवते. आमच्या सासूबाई नगरकडच्या, चौथी शिकलेल्या. बायबल मात्र ओळीवर बोट ठेवून रोज वाचतात. उत्तम शुक्रवारच्या आधी आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. त्या दिवसांत आम्हा बायकांची प्रार्थनासभा दर बुधवारी पाळीपाळीने एकेकीच्या घरी भरते. त्या बुधवारी पाळी आमची होती आणि बोलायचे मला होते. विषय होता नम्रता! लूकच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दाखला आहे. दोघेजण मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी आपले उपास आणि दानधर्म देवाला मोजून दाखवतो, आणि आपण शेजारच्या जकातदारासारखे नाही म्हणून त्याचे आभार मानतो. जकातदार मान वर न करता नुसती दया मागतो. देवाला पसंत पडतो तो जकातदार.

चार दिवस तयारी केली होती. बोलणे छान झाले. बायका माना डोलावत होत्या. शेवटची प्रार्थना सासूबाईंनी सुरू केली, "परमेसरा, आमच्या पापांची शमा कर..." आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेले, "आई, शमा नाही, क्षमा म्हणा."

कोणीतरी फिसकन हसले. मग सगळ्याच हसल्या. मीही. सासूबाई क्षणभर थांबल्या, "आमेन" म्हणाल्या आणि चहाचे पाहायला आत गेल्या.

पुढच्या बुधवारी गुडघे दुखतात म्हणून त्या सभेला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. रात्री जेवणाआधी घरातली प्रार्थना त्याच म्हणत. तीही "तूच म्हण गं, तुझं बोलणं चांगलं आहे," असे म्हणून त्यांनी माझ्याकडे सोपवली. खरे सांगते, मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट बरेच वाटले!

त्याच सुमारास वर्गात मी लक्ष्मीबाई टिळकांविषयी सांगत होते. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. माहेरी सोवळे इतके, की बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. त्यांना लिहायला-वाचायला शिकवले ते लग्नानंतर नवऱ्याने, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांनी. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी आपले पाणी आणि चूल त्यांनी वेगळीच ठेवली. मग हे भेद देवाचे नव्हेत, माणसाचे आहेत, असे त्यांच्या मनाने घेतले आणि सोवळे सुटले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुरे केले. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागांनी प्रसिद्ध झाली. आपला हट्ट, आपली फजिती त्यांनी त्यात हसत हसत सांगितली आहे.

मी अगदी रंगून सांगत होते. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "बाई, त्यांचं लिहिणं चुकलं, तर त्यांना कुणी हसायचं का हो?"

माझ्या हातात तांबडे पेन होते. मला काही उत्तर देता येईना.

त्या दिवशी दादरहून परळपर्यंत चालतच आले. वाटेत सारखे वाटत होते, लक्ष्मीबाईंचे सोवळे पाण्याचे होते, माझे शुद्धलेखनाचे. त्यांनी आपले ओळखले आणि सोडले. मी मात्र नम्रतेवर भाषण देता देताच एका म्हाताऱ्या बाईच्या प्रार्थनेला विटाळ मानला.

घरी आले तर सासूबाई मेथी निवडत होत्या. शेजारी बसले आणि म्हटले, "आई, त्या दिवशी माझं चुकलं."

त्या मेथीकडे बघतच म्हणाल्या, "चूक दाखवलीस त्याचं काही नाही गं. लेकरं शिकवतेस, तुझं तोंड त्याला सरावलंय. पण मी तवा तुमच्याशी बोलत नव्हते, देवाशी बोलत होते. तू हसलीस, अन् मला वाटलं, देवालाही माझं असंच ऐकू येत असंल."

मला रडूच कोसळले. तशा त्या म्हणाल्या, "आता उलटं मलाच तुझी समजूत काढायला लावू नकोस. घे, मेथी निवड."

पाहिलेत ना? माफी मागतानासुद्धा मला कौतुकच हवे होते.

सासूबाई लगेच काही सभेला आल्या नाहीत. मीही आग्रह केला नाही. पुनरुत्थानाचा रविवार होऊन गेल्यावर एका रात्री पाने वाढून झाली, मी हात जोडले, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच प्रार्थना सुरू केली. "शमा कर" आले. माझ्या कानाला ते खटकले. अजूनही खटकते, इतक्या वर्षांची सवय अशी जात नाही. पण आता मी ओठ मिटून घेते आणि शेवटी "आमेन" म्हणते.

मैत्रिणींनो, कुणाचे सोवळे टापटिपीचे असते, कुणाचे स्वयंपाकाचे, कुणाचे मुलांच्या इंग्रजीचे. आपले आपल्याला दिसत नाही. तुमच्या घरात पूर्वी बोलणारे कुणी अलीकडे गप्प झाले असेल, तर आज त्यांच्याजवळ जरा बसा. हातात निवडायला भाजी असली म्हणजे बोलणे सोपे जाते.