उधारीचा वेग

पौषातल्या पहाटे खाप्याहून सावनेरच्या रस्त्याने पळत निघालं, की भेटणारी माणसं ठरलेली असतात. रात्रीच्या लाइनीवर गव्हाला पाणी देऊन परतणारे शेतकरी, घोट्याच्या वर चिखल, कानाला दुपट्टा गुंडाळलेला. त्यांच्यातला एखादा हटकतोच, "काय भाऊ, कोन लागलं मांगं?" रात्रभर गार पाण्यात उभ्या राहिलेल्या माणसाला आपण हौसेने थंडी खात पळतो हे काय सांगणार? मी हात वर करतो आणि पुढे जातो.

माझं दुकान आहे, किराण्याचं. पळणं त्याच्या आधीच्या वेळेत बसवावं लागतं, म्हणजे हिवाळ्यात अंधारातच. कन्हान नदीच्या बाजूला धुकं, आणि रस्त्याला इतका गारठा की पहिली दहा मिनिटं स्वतःच्याच पायांची ओळख पटत नाही. आमच्या भागाला लोक उन्हाळ्यासाठी ओळखतात. पण 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. उघड्या वावरातून येणारा वारा तर शहरापेक्षा जास्तच बोचतो.

थंडीत पळताना कपड्यांचं एकच सूत्र मी पाळतो: घरातून निघताना हुडहुडी भरली पाहिजे. दारात उबदार वाटलं, तर दोन-तीन किलोमीटरवर घामाने निथळणार हे नक्की. पळताना शरीर जी ऊर्जा जाळतं, तिचा जवळपास तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. त्यामुळे स्वेटर घालून पळणं म्हणजे स्वतःला शिजवणं. सुती बनियन घाम धरून ठेवतं आणि वारा लागला की तेच अंगावर बर्फासारखं बसतं, म्हणून आत पातळ पॉलिएस्टरचा टीशर्ट बरा. हातमोजे आणि कानटोपी मात्र हवीच. बोटं आणि कान यांना शरीर सगळ्यात आधी वाऱ्यावर सोडतं.

आणि मग येतो तो फसवा भाग. उन्हाळ्यात हृदयाला दोन कामं असतात: स्नायूंना रक्त पुरवायचं आणि अंग थंड ठेवायला कातडीकडेही पाठवायचं. थंडीत दुसरं काम जवळजवळ सुटतं. दम लागत नाही, नाडी शांत असते, आणि घड्याळ असा वेग दाखवतं की आपण रातोरात सुधारलो असं वाटावं. दुकानदार म्हणून हा प्रकार मला चांगला कळतो. उधारीवर माल नेणारा गिऱ्हाईक नेहमी खुशीत असतो, वसुली महिनाअखेरीस. स्नायूंमधल्या साखरेचा साठा मोजकाच असतो. 21 किलोमीटरच्या शर्यतीत पहिल्या पाच किलोमीटरांत तो उधळला, तर सोळा-सतराच्या पुढे मांड्या दगडाच्या होतात. पूर्ण मॅरेथॉनमध्ये हाच हिशोब तिसाव्या किलोमीटरच्या आसपास मागितला जातो. म्हणून थंडीत सुरुवातीचे काही किलोमीटर मी घड्याळाकडे बघतो ते वेग कमी ठेवायला.

दुसरी फसवणूक पाण्याची. गारठ्याने कातडीखालच्या शिरा आकसतात, रक्त आत सरकतं, आणि मूत्रपिंडांना वाटतं पाणी जास्त झालंय. शर्यतीआधी रस्त्याकडेच्या झुडपांमागे रांगा लागतात त्या केवळ भीतीने नाही. तहान मात्र लागत नाही. कोरड्या हवेत प्रत्येक श्वासागणिक ओल बाहेर जाते तरी घसा काही बोलत नाही. मी तहानेची वाट न बघता दोन घोट घेतो. आमच्याकडे मोसमात कुणीतरी संत्र्याच्या फोडी घेऊन उभं असतं, त्या मी सोडत नाही.

या सगळ्यात मला फडेप्पा चौगुले आठवतात. बेळगावकडचे धावपटू. 1919 मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी पळणारे शेतकरी दोराबजी टाटांनी पाहिले आणि टाटांच्या मनात ऑलिंपिक आलं. पुढच्याच वर्षी चौगुले बेल्जियममध्ये अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनला उभे होते. हवा गार, वर पाऊस. ती शर्यत 42.75 किलोमीटरची होती, आजच्या अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरने लांब. पहिला आला फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन, त्याच्या घरचीच हवा. चौगुले 2 तास 50 मिनिटांच्या थोडं वर वेळ देऊन 19 वे आले. आजच्या अंतराला ती वेळ साधारण 2 तास 48 मिनिटांची होते. एनर्जी जेल, घड्याळं आणि कार्बनचे बूट घेऊनही माझ्यासारख्या हौशींना ती जन्मात गाठता येणार नाही. पदक नाही म्हणून त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकांत ठळक होत नाही, हे मला खटकतं.

नागपूरच्या शर्यतीला मी मोटरसायकलने जातो, आणि खरी थंडी तिथे असते. पळताना नव्हे, गाडीवर. सावनेर सोडलं की गुडघे आणि बोटं बधिर होत जातात. पोचल्यावर आधी अर्धा तास चालणं, मग हलकं जॉगिंग. तोवर कुणाशी बोलायचंही नाही, कारण जबडाच चालत नाही.

शर्यत संपल्यावर लोक पदक गळ्यात घालून फोटोला उभे राहतात. मी आधी ओला टीशर्ट बदलतो. पाय थांबले की आतली भट्टी विझते, घाम मात्र अंगावरच असतो आणि पाच-दहा मिनिटांत दात वाजायला लागतात. कोरडे कपडे, मग चहा, मग तर्री पोहे. परतीला ऊन असलं तरी गाडीवर वारा असतोच, म्हणून जॅकेटच्या आत वर्तमानपत्र घालतो: एक घडी छातीवर, एक पोटावर. पुरवणी पातळ पडते, मुख्य अंकच घ्यावा.