रात्रीची गाडी आणि एकवीस किलोमीटर

सोलापूरच्या व्यापाऱ्याला मुंबईच्या रात्रीच्या गाडीची ओळख करून द्यावी लागत नाही. दुकान वाढवून गाडीत बसायचे, सकाळी मुंबईत उतरायचे, दिवसभर खरेदी करायची आणि त्याच रात्री परतीच्या गाडीला लागायचे, हा क्रम आमच्या घरात दोन पिढ्या चालला. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, जवळजवळ तीस वर्षे अशा रीतीने मूळजी जेठा मार्केटला जात राहिले. यंदाच्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेची गर्दी मागे टाकून, मीही सिद्धेश्वर एक्स्प्रेसने त्याच वाटेने गेलो. माझे काम मात्र निराळे होते. वयाच्या पासष्टाव्या वर्षी मी मुंबईला धावायला चाललो होतो.

बँकेतून निवृत्त झाल्यावर वर्षभरातच रक्ततपासणीत साखर सीमारेषेवर आली. डॉक्टरांनी गोळीऐवजी चालणे लिहून दिले. होटगी रस्त्याने पहाटे चालू लागलो. चालता चालता एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळून पाहिले आणि पुढे खांब वाढत गेले. सोलापूरचा उन्हाळा वाचकांना ठाऊक आहे. एप्रिलमध्ये सकाळी सात वाजताच डांबर तापू लागते, म्हणून पाच वाजता बाहेर पडण्याची सवय लागली. पहिल्या महिन्यात एका परिचितांनी स्कूटर थांबवून कोण आजारी आहे, असे काळजीने विचारले. या वयाचा माणूस विनाकारण पळेल, हे त्यांना संभवनीय वाटले नाही. मुंबईला राहणाऱ्या माझ्या साडूंनी तर सुचवले की त्या दिवशी ज्येष्ठ नागरिकांसाठी सुमारे चार किलोमीटरची वेगळी दौड असते, तीत नाव द्यावे. सल्ला हिताचा होता. माझा अहंकार त्याने दुखावला, हे मात्र कबूल करतो.

मी नाव दिले ते अर्ध मॅरेथॉनसाठी, म्हणजे २१.०९७ किलोमीटरसाठी. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हे तीन दशांश खटकल्याशिवाय राहत नाहीत. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते आणि या आकड्याचे मूळ १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आहे. तेथे शर्यत विंडसर राजवाड्यापासून सुरू होऊन स्टेडियममधील राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. जे अंतर भरले ते भरले. पुढे १९२१ मध्ये तेच कायम करण्यात आले. एका राजघराण्याच्या सोयीसाठी जगभरचे लोक आजतागायत पायपीट करीत आहेत!

दादांविषयी सांगितल्यावाचून या प्रवासाचा अर्थ लागणार नाही. वडील गेले तेव्हा मी बारावीत होतो आणि दादा बावीस वर्षांचे. त्यांनी शिक्षण सोडून दुकान सांभाळले, म्हणून मी एम.कॉम. होऊ शकलो. मला बँकेची नोकरी लागली तेव्हा पेढे त्यांनीच वाटले. सकाळी साडेनऊला ते गादीवर बसत, रात्री साडेनऊला उठत आणि त्यानंतर हिशेब लिहीत. पन्नाशीनंतर डॉक्टरांनी त्यांना रोज पाऊण तास चालायला सांगितले. त्यावर त्यांचे उत्तर एकच असे, ‘‘आणि गल्ल्यावर कोण बसेल?’’ हा प्रश्न ते हसत विचारत, म्हणून तो प्रश्न आहे असे मला कधी वाटलेच नाही. मी त्यांना कॅश क्रेडिटची मर्यादा कशी वाढवून घ्यावी, मालाचे विवरणपत्र कसे भरावे, हे समजावून सांगत असे. मला ठरलेली वेळ होती, रविवार होता, रजा होत्या. ‘दादा, सुटीच्या दिवशी तासभर मी बसतो, तुम्ही फिरून या,’ असे मी एकदाही म्हणालो नाही. २०११ च्या श्रावणात, दुपारी हिशेब लिहिता लिहिता ते गादीवरच कलंडले. वय छप्पन्न.

आता त्या गादीवर माझा पुतण्या बसतो. चाळिशीच्या आत त्याच्या पोटाचा घेर दादांच्या पुढे गेला आहे. मी एकटा जाऊ नये, असा सौ.चा आग्रह पडला, तेव्हा तो सोबत निघाला. शनिवारी खरेदीही उरकेल हा त्याचा हिशेब. शनिवारी सकाळी उतरल्यावर तो काळबादेवीकडे गेला आणि मी छातीवर लावायचा क्रमांक आणायला वांद्रे-कुर्ला संकुलात. हा क्रमांक आधीच्या दिवसांतच घ्यावा लागतो, शर्यतीच्या सकाळी मिळत नाही. त्याला एक बारीक चिप जोडलेली असते आणि ती आपली वेळ नोंदवते. रांगेत माझ्यापुढे पंचविशीतली मुले होती. त्यांतील एकाने मला ‘सर, तुम्ही कोणासाठी घ्यायला आलात?’ असे विचारले. मी ओळखपत्र दाखवले.

एक प्रश्न मी सहा महिने आधीपासून सोडवीत होतो. आमच्या घरी रात्रीभोजन नाही. बदल्यांच्या गावी आणि बँकेच्या मेजवान्यांतही चाळीस वर्षे मी ते पाळले. अर्ध मॅरेथॉन सुरू होते पहाटे पाच वाजता. धावणारे त्याआधी केळे खातात, वाटेत गोड चाटण घेतात. जानेवारीच्या मध्यास मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. चौविहार धरून धावणे माझ्या वयात शहाणपणाचे नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तेव्हा तिविहार धरला, म्हणजे पाणी घ्यायचे, अन्न सूर्योदयानंतरच. रविवारच्या लांब धावांत हे तपासून पाहिले होते आणि ते मला मानवते अशी खात्री झाल्यावरच ठरवले. ज्यांना साखरेची गोळी चालू आहे त्यांनी माझे अनुकरण करू नये. शनिवारी पावणेसहाला साडूंच्या घरी मुगाची खिचडी आणि तूप घेतले, सूर्यास्ताआधी हात धुतले आणि आठ वाजता दिवा मालवला. झोप लागली नाही, ही गोष्ट वेगळी.

पहाटे माहीमच्या रेतीबंदरावर हजारो माणसे उभी होती. आमच्या गटाला प्रत्यक्ष निघायला पाच वाजून वीस मिनिटे झाली. थोड्याच वेळात सागरी सेतू आला. साडेपाच किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा हा पूल २००९ मध्ये खुला झाला, पण एरवी त्यावर पायी जाता येत नाही. अंधारात दोन्ही बाजूंना पाणी, अंगावर गार वारा, आणि आवाज फक्त बुटांचा. कोणी बोलत नव्हते. मला दादांची आठवण त्या पुलावर येईल असे वाटले होते, पण आली नाही. मी आकडे मोजत होतो. एका किलोमीटरला आठ मिनिटे, त्याहून वेगाने जायचे नाही. कर्जदाराला हप्ता ठरवून देताना त्याची ऐपत पाहतात, तसे मी स्वतःकडे पाहत होतो.

वरळी, हाजी अली झाले. मग पेडर रोडचा चढ लागला. निम्म्याहून बरेच अधिक अंतर संपलेले असते, पाय रिकामे झालेले असतात आणि नेमका तेथे हा चढ आहे. माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. दोन पावले लंगडलो आणि कडेला थांबलो. त्या भागातील रहिवासी भल्या पहाटे रस्त्यावर उतरून धावणाऱ्यांना संत्री, गूळ, चिक्की देतात. कोण कुठला माणूस, याची चौकशी नाही. एका वृद्ध बाईंनी माझ्या हातात सोललेल्या संत्र्याच्या चार फोडी ठेवल्या. घड्याळात सात वाजून नऊ मिनिटे झाली होती. ‘‘खा ना, काका,’’ त्या म्हणाल्या. त्या माझ्याहून वडील असाव्यात. मी फोडी मुठीत धरल्या, पोटरी चोळली आणि चालू लागलो. चढाच्या माथ्यापर्यंत चालतच गेलो. सव्वासात उलटल्यावर दोन मिनिटे जादा जाऊ दिली आणि मग त्या कोमट, चुरगळलेल्या फोडी तोंडात टाकल्या. इतके गोड संत्रे मी खाल्लेले नाही.

उतारावर पाय मोकळा झाला. मरीन ड्राइव्हला ऊन आले होते. शेवटचा भाग कधी धावत, कधी चालत पार केला. चिपने नोंदवलेली वेळ दोन तास एकोणसाठ मिनिटे. तीन तासांच्या आत आलो, याचा आनंद एक मिनिटाचा असला तरी आनंदच.

परतीची गाडी रात्री होती. न्याहारी करून मी पुतण्याला म्हणालो, पाय आखडले आहेत, समुद्रावर बसू. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर दोघे बसलो. माझे पदक हातात घेऊन तो बराच वेळ उलटसुलट करीत होता.

‘‘काका, पप्पा इथे कधी आले असतील का हो?’’

मार्केट तिथून फार लांब नाही. दादा तीस वर्षांत किती वेळा मुंबईला आले असतील याचा हिशेब मी मनात मांडला; महिन्यातून एकदा धरले तरी साडेतीनशेच्या वर जातो. त्यांच्या तोंडून समुद्राचे नाव ऐकल्याचे मला आठवेना. ‘‘माहीत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘मीही आज पहिल्यांदाच बसतोय,’’ तो म्हणाला.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपासून मी सायंकाळी पाच ते सहा दुकानात गादीवर बसतो. पुतण्याने आधी नको म्हटले. या वेळेला गिऱ्हाईक असते, काकांना भाव ठाऊक नाहीत, ही त्याची कारणे खोटी नव्हती. वहिनींनी मध्ये पडून त्याला बाहेर काढले. पहिल्या दिवशी तो वीस मिनिटांत परत आला, कारण एका उधारीची त्याला आठवण झाली होती. आता पन्नास मिनिटे लागतात. मी दोनदा सुती कापड पॉलिस्टरच्या भावाने दिले आणि एकदा ओळखीच्या ग्राहकाला नको तेवढी सूट दिली. रोज सहाला तो घामेजून येतो, गल्ला मोजतो आणि मला बाजूला सरकायला सांगतो.