टोचन



तुमच्यापैकी कुणाकडेही मोटारसायकलचा परवाना नाही, हे मला माहीत आहे. गिअरची मोटारसायकल चालवायला अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. तरीही हा पाठ मी तुमच्यासाठी लिहीत आहे. रस्त्यात एखादी गाडी बंद पडली, की दोरी शोधायला, धक्का द्यायला आणि गाडी उचलायला जवळच्या मुलांनाच हाक मारली जाते. "ए पोरा, जरा हात लाव," असे म्हणतात. हात कुठे लावायचा आणि कुठे लावायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक असावे. मला ते ठाऊक नव्हते आणि त्याचा त्रास माझ्या धाकट्या भावाला भोगावा लागला.

ही गोष्ट २०१४ सालच्या मे महिन्यातली आहे. माझे बी.एड. नुकतेच पूर्ण झाले होते. आमच्या घरी बहिणीचे लग्न होते. लग्नाचे रुक्के वाटण्यासाठी आम्ही दोघे भाऊ बीडहून निघालो. मी माझ्या गाडीवर नेकनूरला गेलो. भाऊ अब्बांची जुनी मोटारसायकल घेऊन केजच्या बाजूला गेला. संध्याकाळी मांजरसुंब्याला भेटून आम्ही एकत्र परत निघालो.

मांजरसुंबा हे गाव बालाघाटाच्या डोंगरावर आहे. तिथून बीडकडे येताना घाट उतरावा लागतो. घाट संपला की पाली आणि बिंदुसरेचे धरण लागते. आम्ही मांजरसुंब्याच्या थोडे पुढे आलो असू, तोच मागून खाडकन आवाज आला. अब्बांच्या गाडीची चेन तुटली होती. चूक आमचीच होती. त्या चेनला कित्येक महिने तेल मिळाले नव्हते.

मगरिबची वेळ जवळ आली होती. भाऊ म्हणाला, "भाईजान, मांजरसुंबा मागे फार लांब नाही. आपण मिस्त्री घेऊन येऊ."

तेवढ्यात एक छोटा हत्ती आमच्याजवळ थांबला. गाडी बीडपर्यंत पोहोचवायचे चालकाने चारशे रुपये मागितले. लग्नाचे घर, खर्च आधीच डोक्यावर. मला चारशे रुपये फार वाटले. मी म्हणालो, "नको. घाट उतरला की बीड आले. आपण टोचन लावू."

बंद गाडी दोरीने दुसऱ्या गाडीला बांधून ओढत नेणे, याला आपल्याकडे 'टोचन लावणे' म्हणतात. जवळच्या शेतातील एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे मी दोरी मागितली. त्यांनी बैलाचा कासरा काढून दिला. देताना ते म्हणाले, "भाऊ, उतार हाय. उताराला बैल गाडीला वढीत न्हाई, गाडीच बैलाला ढकलती."

मी बी.एड. झालेला माणूस होतो. त्यांचे बोलणे मी ऐकले, पण त्यावर विचार केला नाही.

कासऱ्याचे एक टोक मी माझ्या गाडीच्या कॅरिअरला बांधले आणि दुसरे अब्बांच्या गाडीच्या हँडलला. गाठ चांगली घट्ट मारली. भाऊ मागच्या गाडीवर बसला आणि आम्ही निघालो. सपाट रस्त्यावर सारे ठीक चालले. मला माझ्या अकलेचे कौतुकही वाटले.

मग उतार सुरू झाला. मागची गाडी आपोआप वेगाने पुढे येऊ लागली. दोरी सैल पडली आणि रस्त्यावर लोंबू लागली. भाऊ ब्रेक दाबी, तेव्हा दोरीला हिसका बसे. इंजिन बंद असल्यामुळे त्या जुन्या गाडीचा दिवाही लागत नव्हता. एका वळणावर मी वेग कमी केला. त्याच क्षणी सैल दोरी त्याच्या पुढच्या चाकाखाली गेली. ती ताणली जाताच हँडल एका बाजूला फिरले आणि भाऊ गाडीसह आडवा झाला. मागून एक मालट्रक येत होता. त्याने वेळेवर ब्रेक मारला. तो आवाज मला अजूनही कधी कधी रात्री ऐकू येतो.

भाऊ उठून बसला. त्याने उजवे मनगट डाव्या हाताने धरले होते. तो एवढेच म्हणाला, "भाईजान, गाडीचं फार नुकसान झालं का?"

मित्रांनो, माझ्या भावाने त्या वर्षी पोलीस भरतीचा अर्ज भरला होता. दोन वर्षे तो रोज पहाटे धावत होता. मैदानी चाचणीत धावण्याबरोबर गोळाफेकही असते. दवाखान्यात त्याच्या मनगटाला प्लास्टर घातले गेले आणि ते उतरण्याआधीच चाचणीची तारीख निघून गेली. पुढे त्याने आणखी दोनदा प्रयत्न केला. त्याचे धावणे चांगले होते, पण गोळा पूर्वीसारखा गेला नाही. आज तो बीडमध्ये एका दुकानात हिशेब लिहितो. त्याने मला कधी एका शब्दानेही बोल लावला नाही. म्हणूनच मला ते अधिक बोचते.

दुसऱ्या दिवशी मी अब्बांची गाडी मिस्त्रीकडे नेली. हँडल वाकले होते, पुढचा एक शॉकअब तिरका झाला होता, टाकीला खड्डा पडला होता. मिस्त्रीने सारे पाहिले आणि विचारले, "आधी काय बिघडलं होतं?" मी म्हणालो, "चेन." तो म्हणाला, "मास्तर, चेनचं लॉक ही चिल्लर पैशांची वस्तू. ते बसवलं असतं, तर गाडी स्वतःच्या पायांनी घरी आली असती." दुरुस्तीचा खर्च चारशे रुपयांच्या कितीतरी पट झाला.

त्या मिस्त्रीने मला जे समजावले, ते मी तुम्हाला सांगतो. मोटारीला चार चाके असतात. तिला ओढले तरी ती उभी राहते. मोटारसायकलचा तोल मात्र हँडल थोडे थोडे इकडेतिकडे फिरवूनच सांभाळता येतो. हँडललाच दोरी बांधली, म्हणजे आपण चालकाच्या हातातला तोल काढून दोरीच्या हातात देतो. म्हणून मोटारसायकलला टोचन लावूच नये. शेजारच्या गाडीवर बसून तिला पायाने ढकलत नेणेही धोक्याचेच आहे.

मग काय करावे? आधी गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. खुणेसाठी दगड मांडले असतील, तर जाताना ते आठवणीने उचलावेत. आपल्या मागे राहिलेला दगड रात्री दुसऱ्याचा जीव घेतो. मिस्त्रीला तिथेच बोलवावे. ते शक्य नसेल, तर छोटा हत्ती किंवा पिकअप ठरवावा आणि त्यात गाडी चढवावी.

चढवण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करावा. पिकअपची मागची बाजू एखाद्या बांधाला किंवा ओट्याला लावली, तर गाडी फार उचलावी लागत नाही. उचलताना आरसा, इंडिकेटर किंवा मडगार्ड धरू नये, ते तुटतात. सायलेन्सरला हात लावू नये, तो भाजतो. पुढे शॉकअबला आणि मागे कॅरिअरच्या दांड्याला धरावे. आत गेल्यावर पुढचे चाक सरळ ठेवून हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवावे. मध्ये जुना टायर किंवा पोते घालावे.

आता दोरी. ती हँडलच्या टोकांना बांधू नये. हँडलच्या खाली, जिथे शॉकअब जोडलेले असतात, तिथे दोन्ही बाजूंनी बांधून पुढे आणि खाली ओढावी. शॉकअब थोडे दबले, की पुरे. पूर्ण दाबू नयेत. मागेही दोन्ही बाजूंनी बांधावे. दोरी जिथे घासते, तिथे जुने कापड गुंडाळावे. गाडी स्टँडवर नव्हे, दोन्ही चाकांवर उभी असावी. चाकांना लाकडाची ओट लावावी. वाटेत कुणीही तिच्यावर बसू नये. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर थांबून सगळ्या गाठी तपासाव्यात, कारण हादऱ्यांनी दोरी सैल होते.

पुढे मी रस्त्याचे नियमही वाचले. १९८९ च्या नियमांत लिहिले होते, की ओढणाऱ्या आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नसावे आणि वेग ताशी चोवीस किलोमीटरपेक्षा जास्त नसावा. २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. पण मी जेव्हा कासऱ्याची गाठ मारली, तेव्हा असा काही नियम असतो, हेच मला माहीत नव्हते. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आल्यास १०३३ या क्रमांकावर फोन करता येतो. हा क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

काही वर्षांनी शाळेतून परतताना माझी गाडी पुन्हा बंद पडली. या वेळी रस्ता सपाट होता आणि घर जवळ होते. माझ्या एका विद्यार्थ्याने धावत जाऊन नायलॉनची दोरी आणली. माझा हात दोरीकडे गेलासुद्धा. तेवढ्यात भावाचा फोन आला. गाडी बंद पडल्याचे मी त्याला सांगितले. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "भाईजान, पिकअप बोलवा. पैसे मी देतो."

मी दोरी त्या मुलाला परत दिली. तुम्ही घरी तिला रस्सी म्हणता, मराठीत आपण दोरी म्हणतो. नाव कोणतेही असो, गाठ मारण्यापूर्वी एकदा मागच्या गाडीवर बसणाऱ्याच्या तोंडाकडे पाहा. माझ्या मागे त्या दिवशी माझा भाऊ बसला होता आणि मी मात्र चारशे रुपयांकडे पाहत होतो.