बारसं आणि तेरावं

आपल्याकडे बाळ जन्मलं की बाराव्या दिवशी बारसं आणि माणूस गेलं की तेराव्या दिवशी तेरावं. अमेरिकेतल्या एका किड्याच्या नशिबी ही दोन्ही एकदमच आली. १९७७ साली डेव्हिड रेंट्झ या कीटकतज्ज्ञाने त्याला पहिल्यांदा नाव दिलं, तेच मुळी ‘नेड्युबा एक्स्टिंक्टा’. एक्स्टिंक्टा म्हणजे नामशेष झालेला.

हे वाचल्यापासून मला चैन पडेना, म्हणून तुम्हाला सांगतेय.

आधी किड्याची ओळख करून देते. आपण दिसेल त्याला नाकतोडा म्हणतो आणि ऐकू येईल त्याला रातकिडा. हा दोघांच्या मधला. इंग्रजीत बुश क्रिकेट, अमेरिकेत कॅटिडिड, कारण तिथल्या एका जातीची किरकिर लोकांना ‘केटी डिड’ अशी ऐकू आली. याच्या मिशा चांगल्या लांब आणि बारीक असतात. कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली. (हो, पायांवर!) नर गातो ते पंख एकमेकांवर घासून. एका पंखावर करवतीसारखे बारीक दाते असतात आणि दुसऱ्या पंखाची कडा त्यांवरून फिरते. नेड्युबाच्या घराण्यात पाठीवर ढालीसारखं कवच असतं आणि नराचे पंख त्याखाली, इतके आखूड की उडण्याचं नावच नको. ते उरलेत फक्त गाण्यापुरते.

हा राहायचा सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला, नदीकाठच्या अँटिऑक गावाजवळ, वाळूच्या टेकड्यांवर. १९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झालं. शहर पुन्हा उभं करायला विटा लागल्या आणि विटांसाठी या टेकड्यांची वाळू उपसली गेली. पुढेही उपसा चालूच राहिला. उडता न येणारा किडा जाणार कुठे? १९३७ साली तिथे पकडलेला एक नमुना टाचणीवर लागला, संग्रहातल्या पेटीत गेला आणि चाळीस वर्षं बिननावाचा राहिला. रेंट्झने त्याचं वर्णन लिहिलं तेव्हा लेखाच्या शीर्षकात ‘बहुधा नामशेष’ असा शब्द जपून वापरला. नावात मात्र ‘बहुधा’ नाही.

‘वर्णन’ या शब्दापाशी मी थोडी अडकले, कारण माझं पोट त्यावरच चालतं. मी कंटेंट रायटर आहे. कुकर, चादरी, मोबाइलची कव्हरं यांची वर्णनं लिहिते, बहुतेकदा वस्तू हातात न घेता, फोटो बघून. विशेषणं ढिगाने लागतात. नव्या किड्याचं वर्णन करताना विशेषणांना कोणी विचारत नाही. ‘सुंदर’ नको, किती मिलिमीटर ते सांगा. पाठीची ढाल मागे गोल की टोकदार? नराच्या शेपटाकडचे चिमटे कुठे वळलेत? पंखावरचे दाते किती? आधी ठाऊक असलेल्या प्रत्येक भावंडाशी शेजारी ठेवून तुलना करायची, चित्रं काढायची, मग एक नमुना कायमचा जपून ठेवायचा. उद्या कुणी शंका घेतली तर तोच साक्षीदार. आपल्याकडे ‘नावं ठेवणं’ फार सोपं आहे. नाव ठेवायला एवढी मेहनत लागते.

पण टाचणीवरचा किडा गात नाही, आणि या मंडळींची खरी ओळख गाण्यात असते. आपल्या दक्षिण भारतातच बघा. विवेक नित्यानंद आणि रोहिणी बालकृष्णन यांचा २००६ साली मेकोपोडा नावाच्या बुश क्रिकेटवर लेख आला. दिसायला सगळे जवळजवळ सारखे, गाणी मात्र पाच वेगवेगळी निघाली! त्यांतल्या एका गाण्याचं नाव ‘ट्रेन’, एकाचं ‘हेलिकॉप्टर’. ही नावं देणाऱ्यांना माझा नमस्कार. नुसत्या पेटीवरून हे कळलं असतं का, तुम्हीच सांगा.

चीनमध्ये तर १६.५ कोटी वर्षांपूर्वीचा, याच गोतावळ्यातला एक किडा दगडात सापडला. त्याच्या पंखांवरचे दाते शाबूत होते. त्यांवरून २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं गाणं पुन्हा तयार केलं. एकच स्वच्छ सूर, ६.४ किलोहर्ट्झचा, आपल्या कानांना ऐकू येणारा. म्हणजे पंख जपलेले असले की सुराचा अंदाज बांधता येतो. पण अँटिऑकचा नर अंधार पडल्यावर किती वेळाने गायला बसायचा, मध्ये कुठे थांबायचा, मादी कुठल्या झुडपाआडून ऐकायची, हे कुठल्या पंखावरून वाचणार?

१९८० साली त्या टेकड्यांचा उरलेला तुकडा राष्ट्रीय अभयारण्य झाला. धोक्यात आलेल्या वनस्पती आणि कीटकांसाठी अमेरिकेने राखलेलं ते पहिलंच. दोन दुर्मीळ फुलझाडं आणि एक फुलपाखरू यांच्यासाठी तिथे अजून झगडा चालू आहे. नदीचं पात्र खोल करताना निघणारी वाळू आता तिथे आणून पसरतात.