आधी चाचणी, मग लिलाव

कराडचा विमानतळ १९५५च्या सुमारास बांधला गेला तो कोयना धरणाच्या कामासाठी. आज तिथे शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं उतरतात. त्यांची उंची कळते हवेच्या दाबावरून आणि उतरताना मुख्य भरवसा असतो डोळ्यांवर. त्यामुळे ‘फाइव्ह-जीच्या टॉवरमुळे आपल्याकडे विमान पडेल का हो?’ असं गावात कुणी विचारलं, की मी सरळ ‘नाही’ म्हणतो. पुण्या-नागपूरचं उत्तर मात्र इतकं सोपं नाही. मोठ्या विमानांची इलेक्ट्रॉनिक उपकरणं तपासण्यात माझी नोकरी गेली, म्हणून ते सविस्तर सांगतो.

प्रवासी विमानाच्या पोटाखाली वहीच्या पानाहून लहान अशा चपट्या अँटेना असतात. एक जमिनीकडे रेडिओलहरी सोडते, दुसरी त्यांचा प्रतिध्वनी ऐकते. हा रेडिओ अल्टिमीटर. विमान पन्नास फुटांवर असताना लहर जाऊन परत यायला सेकंदाचा जेमतेम एक कोटीवा भाग लागतो. एवढा वेळ घड्याळाने मोजणं अवघड. म्हणून सोडलेल्या लहरीची फ्रीक्वेन्सी सतत बदलत ठेवतात आणि गेलेल्या-आलेल्या लहरींतल्या फरकावरून उंची काढतात. कॉकपिटमध्ये ‘फिफ्टी, फोर्टी, थर्टी’ असा आवाज येतो तो याच्याच जोरावर. धुक्यात स्वयंचलित उतरणंही यावरच चालतं.

हे उपकरण चुकलं तर काय होतं, ते २५ फेब्रुवारी २००९ रोजी ॲमस्टरडॅमला दिसलं. टर्किश एअरलाइन्सचं बोइंग ७३७ सुमारे दोन हजार फुटांवर असताना डावीकडच्या अल्टिमीटरने उंची दाखवली उणे आठ फूट. विमान टेकलंच, असं समजून स्वयंचलित यंत्रणेने इंजिनांचा जोर काढून घेतला. वैमानिकांच्या ध्यानात येईपर्यंत वेग पार घटला होता. नऊ जण गेले. तिथे फाइव्ह-जीचा काही संबंध नव्हता. पण एका खोट्या आकड्याची किंमत त्या दिवशी कळली.

अल्टिमीटरला जगभर ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झचा पट्टा राखून दिलेला आहे. फाइव्ह-जी त्यात घुसत नाही. अडचण आहे ती जुन्या अल्टिमीटरच्या फिल्टरची. शेजारच्या मांडवातला डीजे स्वतःच्या हद्दीत असला तरी आपल्या मांडवातलं कीर्तन ऐकू येत नाही, तसं त्याचं होतं. अमेरिकेने फाइव्ह-जीला ३९८० मेगाहर्ट्झपर्यंत जागा दिली. मध्ये अंतर उरलं २२० मेगाहर्ट्झचं. जानेवारी २०२२मध्ये तिथे सेवा सुरू होण्याच्या दिवशी एअर इंडियालाही अमेरिकेची काही उड्डाणं रद्द करावी लागली.

भारताने ३३०० ते ३६७० हा पट्टा लिलावात काढला, म्हणजे ५३० मेगाहर्ट्झचं अंतर ठेवलं. हा निर्णय शहाणपणाचा होता. चुकला तो क्रम. ऑगस्ट २०२२मध्ये संपलेल्या लिलावातून दीड लाख कोटींची बोली आली, १ ऑक्टोबरला सेवेचं उद्घाटन झालं आणि २९ नोव्हेंबरला दूरसंचार विभागाचं पत्र निघालं: धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरपर्यंत या पट्ट्यातले टॉवर नकोत, त्यापुढच्या ५४० मीटरमध्ये त्यांची ताकद मर्यादित ठेवा. पुणे आणि नागपूर विमानतळांवर तेव्हा टॉवर उभे राहिलेही होते. विमानांचे फिल्टर बदलून होईपर्यंत ही बंदी राहील, असंही ठरलं.

बंदी योग्यच होती. पण अमेरिकेतला गोंधळ आपल्या लिलावाच्या सहा महिने आधी साऱ्या जगाने पाहिला होता. दूरसंचार विभाग आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय यांनी एकत्र बसून कुठल्या विमानाचा अल्टिमीटर जुना, त्याचा फिल्टर कोण बदलणार, खर्च कुणाचा, हे आधी ठरवलं असतं तर ते लिलावाच्या अटींतच आलं असतं. कंपन्यांनाही आपण नेमकं काय विकत घेतोय ते कळलं असतं.

कराडच्या विमानतळ विस्ताराची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. वाद आहे तो जमिनींचा आणि तो रास्त आहे. उद्या खरंच मोठी विमानं आणायची ठरली, तर जमिनीच्या मोजणीबरोबर आसपासच्या टॉवरचीही नोंद करून घ्या. सहाव्या पिढीसाठी नवे पट्टे शोधण्याचं काम जगभर सुरू झालं आहे. त्यांचा लिलाव पुकारण्याआधी विमानांची चाचणी झालीच पाहिजे, एवढी मागणी आपण प्रवाशांनी लावून धरावी.